पैसा मंजूर झाल्यानंतर : वित्तीय समित्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

२३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचे अंदाजपत्रक चर्चेविना मंजूर केले. सभागृहात गदारोळ चालू होता. सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानांच्या मागण्या एकत्र मतास टाकल्या गेल्या आणि काही मिनिटांत देशाचा वर्षभराचा खर्च कायदेशीर होण्याच्या मार्गाला लागला. २०१८ मध्येही असेच घडले होते. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेशिवाय निकालात काढण्याच्या या रिवाजाला संसदेत गिलोटिन म्हणतात. ज्या वर्षी सभागृह सुरळीत चालते त्या वर्षीही चर्चा मोजक्याच मंत्रालयांच्या वाट्याला येते. बाकीच्यांच्या मागण्या मुकाट्याने पार पडतात.

ही हकीकत सांगितली की ऐकणारा बहुधा विचारतो : म्हणजे या पैशाकडे कोणी पाहिलेच नाही? पाहिले होते. त्या वर्षीही अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत संसदेच्या विभागवार स्थायी समित्यांनी मंत्रालयांच्या सचिवांना समोर बसवले, मागण्यांची छाननी केली आणि अहवाल मांडले. वर्तमानपत्रांत त्यांना कोपऱ्यातली जागा मिळाली, काहींना तीही नाही. आणि हा पैसा खर्च होऊन गेल्यावर त्याच्या मागावर निघणारी लोकलेखा समिती पुढे होतीच. संसदेचा तिजोरीवर ताबा असतो असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण शिकलो, तो ताबा प्रत्यक्षात चालतो तो मुख्यतः या समित्यांच्या बंद खोल्यांत. या ग्रंथाचा विषय त्या खोल्यांमध्ये काय घडते हा आहे.

विषय रुक्ष म्हणून बदनाम आहे. राज्यशास्त्राचे विद्यार्थी तो अर्थशास्त्राचा समजून सोडतात, अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो हिशेबनिसांचा समजून सोडतात, आणि हिशेब तपासनीस त्यातले राजकारण आपले नव्हे म्हणून बाजूला ठेवतात. तिघांनी टाकलेला हा विषय मराठीत जवळजवळ अनाथ राहिला. राज्यकारभार खरोखर कसा चालतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला मात्र मंत्र्यांच्या आत्मचरित्रांपेक्षा या समित्यांचे अहवाल जास्त सांगतात, असे माझे मत आहे. आत्मचरित्रात कोणी उलटतपासणी घेत नाही.

आधी रचना थोडक्यात. खर्चाला मत देण्यापूर्वी विभागवार स्थायी समिती मागण्या तपासते. अंदाज समिती एखादी योजना किंवा खाते निवडते आणि विचारते की हेच काम कमी पैशात, दुसऱ्या रीतीने झाले नसते का. खर्च आटोपून हिशेब बंद झाला, लेखापरीक्षण झाले की लोकलेखा समितीची पाळी येते. सरकारी कंपन्या आणि महामंडळे यांच्यासाठी सार्वजनिक उपक्रम समिती वेगळी. राज्यांतही साधारण हाच साचा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कारभार पाहणारी पंचायत राज समिती आणखी आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्राला नावानिशी ठाऊक असलेली बहुधा हीच एक. ‘पीआरसी येतेय’ एवढे कानावर आले की कचेरीतल्या जुन्या फायली कपाटाबाहेर येतात, शाळेच्या भिंतींना रंग लागतो आणि गटविकास अधिकाऱ्याची रजा रद्द होते. भीती ही जबाबदारीची पहिली पायरी असेल, तर ती पायरी आपण चढलो आहोत.

या पद्धतीचा जन्म इंग्लंडात झाला असे सांगण्याचा प्रघात आहे आणि तो बरोबर आहे. १८६१ मध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना हाउस ऑफ कॉमन्सने लोकलेखा समिती नेमली, आणि १८६६ च्या कायद्याने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद तिच्या मदतीला आले. सभागृहाने पैसा द्यायचा, खात्याने तो खर्चायचा, सरकारच्या हाताखाली नसलेल्या अधिकाऱ्याने तो तपासायचा आणि तपासणीचा निकाल परत सभागृहालाच सांगायचा, असा हा फेरा पुरा झाला. पुढे इंग्रजांच्या जवळपास सगळ्या वसाहतींनी तो उचलला.

हिशेब तपासण्याची शिस्त मात्र आपल्याला परकी नव्हती. पेशवाईत मामलेदाराकडे हुजुरातून जमाखर्चाचा बेहेडा, म्हणजे अंदाज, जाई आणि वर्षअखेर त्याच्या हिशेबाची झडती होई. मामलेदारावर नजर ठेवायला फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार असे दरकदार असत आणि मामलेदाराला त्यांना बडतर्फ करता येत नसे. तपासणाऱ्याची नोकरी तपासल्या जाणाऱ्याच्या हाती असू नये हे तत्त्व पुण्याच्या कारभाऱ्यांना पक्के कळले होते. उणीव दुसरीकडे होती. हिशेब कितीही चोख ठेवला तरी तो मागणारा धनी एकटा होता. रयतेच्या वतीने तो मागण्याची सोय कोणत्याच दफ्तरात नव्हती.

ती मागणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली आणि तिच्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळांत शिकवणारे गृहस्थ पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सरकारी आकडे उकलून दाखवीत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष द्यायला तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या तयारीमागे या जोश्यांचे कष्ट होते. आयोगापुढचा एक मुख्य मुद्दा खर्चावरच्या नियंत्रणाच्या यंत्रणेचा होता. गोखल्यांनी तेथे जे मांडले त्याचा गाभा असा, की कर देणाऱ्याचा प्रतिनिधी ज्या यंत्रणेत नाही ती कितीही काटेकोर असली तरी करदात्याच्या हिताने चालत नाही. दादाभाई नौरोजी त्याच आयोगाचे सदस्य होते.

पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, गोखल्यांनी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या कौन्सिलाला अंदाजपत्रकावर बोलता येत होते, मत देता येत नव्हते. १८९२ च्या कायद्याने दिलेली सवलत तेवढीच होती. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवीत होते, आणि दुष्काळाने पिचलेल्या देशात शिल्लक पडते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो असा गोखल्यांनी लावला. आजच्या समित्यांचे सभासद हाती मतदानाचा अधिकार, मदतीला महालेखापरीक्षक आणि पाठीशी संविधान घेऊन बसतात. गोखल्यांच्या हाती फक्त सरकारने छापलेली आकड्यांची पुस्तके होती. या अभ्यासशाखेत पदार्पण करणाऱ्याने ते भाषण एकदा वाचावे. आकडे कसे बोलते करावेत याचा इतका चांगला वस्तुपाठ मला दुसरा ठाऊक नाही.

याच वाटेवरचे दुसरे नाव डॉ. आंबेडकरांचे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला. १८३३ मध्ये सगळी तिजोरी कलकत्त्याच्या हाती एकवटल्यावर प्रांत कसे बेफिकीर खर्च करू लागले आणि पुढे अधिकार टप्प्याटप्प्याने खाली का सोडावे लागले, याचे ते विवेचन आहे. त्या काळी कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या गुरूंनी, सेलिग्मन यांनी, त्याला प्रस्तावना लिहिली. पुढे ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असे सांगितले. हे वाक्य सत्कारसमारंभांत फार वापरले जाते. त्यामागे पंचवीस वर्षांपूर्वीचा हा अभ्यास उभा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

समितीचा आपल्याकडचा इतिहास १९२१ पासूनचा. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मध्यवर्ती कायदेमंडळात लोकलेखा समिती आली. अध्यक्षस्थानी अर्थसदस्य, म्हणजे सरकारच. दफ्तर सांभाळणारेही अर्थ खाते. आणि लष्करी खर्चावर कायदेमंडळाचे मत चालतच नव्हते. २६ जानेवारी १९५० पासून ती खऱ्या अर्थाने संसदेची झाली आणि तिचा प्रमुख सभागृहाचे अध्यक्ष नेमू लागले. आज तिचे २२ सभासद असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. पक्षबळाच्या प्रमाणात दरवर्षी निवडणूक होते आणि मंत्री सभासद होऊ शकत नाही. १९६७ मध्ये आणखी एक गोष्ट ठरली : समितीचे प्रमुखपद विरोधी पक्षाकडे. पहिला मान स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी यांना मिळाला. या रिवाजाला कायद्याचा आधार नाही, तरी तो टिकला आहे. आपल्या संसदीय जीवनात अलिखित शब्द पाळल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून हे नोंदवून ठेवावे.

अंदाज समिती १९५० मध्ये अर्थमंत्री जॉन मथाई यांच्या सूचनेवरून आली आणि सभागृहाचे अध्यक्ष ग. वा. मावळंकरांच्या देखरेखीखाली वाढली. रत्नागिरी जिल्ह्यात मूळ असलेल्या मराठी घराण्यातल्या आणि अहमदाबादेत वकिली केलेल्या या गृहस्थांनी संसदेला ज्या सवयी लावल्या त्यांत समित्यांचे काम मन लावून करणे ही एक होती. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ ची. विभागवार समित्या सर्वांत नव्या. १९८९ मध्ये तीन विषयांपुरता प्रयोग झाला आणि १९९३ मध्ये, लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, सगळी मंत्रालये वाटून घेणाऱ्या १७ समित्या आल्या. २००४ पासून त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत ३१ सभासद बसतात. मागण्यांवरच्या अहवालात कपात सुचवायची नाही असा नियम आहे, त्यामुळे या समित्या पैसा कापत नाहीत. तो कशासाठी आणि कोणत्या भरवशावर मागितला हे विचारतात. केरळने १९८० मध्येच विधानसभेत विषय समित्या सुरू केल्या होत्या, दिल्लीच्या कितीतरी आधी. तरीही अनेक राज्यांत मागण्या अजून कोणत्याही समितीपुढे न जाता थेट मतास येतात.

आता ज्या भागात मला सर्वांत जास्त रस आहे तो. लेखापरीक्षणाचा एक परिच्छेद कसा प्रवास करतो?

समजा, एखाद्या जिल्ह्यात पाणीपुरवठा योजनेचे पाइप आणले गेले आणि विहिरीची जागाच ताब्यात आली नाही. पाइप उन्हापावसात पडून राहिले. महालेखापालांचे पथक (महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबईला आणि नागपूरला आहेत) कागद तपासताना हे पाहते आणि आक्षेप नोंदवते. स्थानिक कार्यालय उत्तर देते किंवा देत नाही. आक्षेप वजनदार असेल तर त्याचा मसुदा विभागाच्या सचिवाकडे जातो. उत्तर पटले नाही तर तो महालेखापरीक्षकांच्या अहवालात परिच्छेद होतो. राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत, केंद्राचा राष्ट्रपतींमार्फत सभागृहापुढे येतो. संविधानाच्या १५१ व्या अनुच्छेदाने तसे बांधून दिले आहे. तिथून तो लोकलेखा समितीकडे जातो. सगळे परिच्छेद तपासणे समितीला शक्य नसते, म्हणून ती निवड करते. निवडीत चुकणे आणि निवडीत राजकारण शिरणे या दोन्ही गोष्टी इथे घडतात, आणि अभ्यासकाने आपली पहिली टाचणी इथेच लावावी : कोणता परिच्छेद उचलला गेला, आणि त्याच अहवालातला कोणता तसाच राहिला?

मग प्रश्नावली जाते, लेखी उत्तरे येतात आणि साक्षीचा दिवस उजाडतो. साक्ष सचिवाची असते, मंत्र्याची नाही. सचिव हा आपल्या मंत्रालयाचा मुख्य लेखा प्राधिकारी असतो. धोरण मंत्र्याचे, पैशाची जबाबदारी त्याची. समितीच्या शेजारी महालेखापरीक्षक, राज्यात महालेखापाल, बसलेले असतात आणि गोलमाल उत्तर आले की कोणता कागद मागायचा हे ते सुचवतात. ही साथ नसती तर समितीचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. सभासद वर्षभरासाठी आलेले, इतर दहा कामांत गुंतलेले. समोर बसलेला अधिकारी तीस वर्षे नोकरीत मुरलेला.

साक्षीच्या खोलीत एक विचित्र न्याय चालतो. परिच्छेद ज्या वर्षीचा, त्या वर्षीचा सचिव केव्हाच बदलून गेलेला असतो, क्वचित निवृत्तही. उत्तर देणारा त्याचा दुसरा-तिसरा वारस असतो आणि ज्या निर्णयाचा त्याने कागदही पाहिला नव्हता त्याचे समर्थन करायला बसतो. टीकाकारांना हा निव्वळ देखावा वाटतो. मला वाटत नाही. इथे माणसाला जाब विचारला जात नाही, खुर्चीला विचारला जातो, आणि खुर्चीला स्मरणशक्ती असावी लागते ही सक्ती या पद्धतीने निर्माण होते. विभागाला आपल्याच फायली उघडून पाहाव्या लागतात. पुष्कळदा खात्याला आपण काय केले हे प्रश्नावलीचे उत्तर लिहितानाच पहिल्यांदा समजते.

समितीपुढे येणारे दोष कोणते? नवा वाचक भ्रष्टाचाराच्या कथा शोधत येतो आणि त्याला कंटाळवाणे तपशील मिळतात. मोठा हिस्सा असतो तो न खर्चलेल्या पैशाचा. विभागाने कोट्यवधी रुपये मागून घेतले, सभागृहाने दिले आणि वर्षअखेर ते परत केले, किंवा परत करायचेही राहून गेले. घरात पैसा उरला तर कौतुक होते. सरकारात पैसा उरला म्हणजे कुठेतरी दवाखाना बांधला गेला नाही. त्याहून चमत्कारिक म्हणजे मूळ तरतूद संपलेली नसताना पुरवणी मागणी करणे. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांचे भले मोठे पुस्तक येते, त्यावर विरोधक टीका करतात, सरकार मंजूर करून घेते. त्यांतल्या काही रकमांची मुळात गरजच नव्हती हे कळते ते पुढच्या वर्षी, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडणारे विनियोजन लेखे आल्यावर. मार्चअखेरची घाई हे तर जुने दुखणे. अनुदान दिले पण ते ठरल्या कामी लागल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आले नाही. संक्षिप्त देयकावर, म्हणजे तपशील नंतर देण्याच्या बोलीवर, उचल घेतली पण तपशीलवार देयक सादरच झाले नाही. महाराष्ट्राच्या वित्तव्यवस्थेवरील अहवालांत हे परिच्छेद आकडे बदलून वर्षानुवर्षे येत राहतात.

मंजुरीपेक्षा जास्त खर्च हा वेगळा आणि घटनात्मक दृष्टीने सर्वांत गंभीर प्रकार. सभागृहाने न दिलेला पैसा खर्च झाला, म्हणजे ज्या हक्कासाठी गोखले झगडले त्यालाच छेद गेला. केंद्रात ११५ व्या आणि राज्यांत २०५ व्या अनुच्छेदाखाली तो नंतर नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्याआधी लोकलेखा समिती कारणे तपासते. प्रत्यक्षात अनेक राज्यांत असा जादा खर्च वर्षानुवर्षे नियमित न होता पडून असतो. त्यामुळे कुणाचीही झोप उडत नाही, ही आपल्या सार्वजनिक जीवनातली एक मोठी बेफिकिरी आहे.

आक्षेप घेणारे काय म्हणतात? सर्वांत जुना आक्षेप उशिराचा : घोडे पळाल्यावर तबेल्याची चौकशी. तो अर्धाच खरा. खर्च झालेला पैसा परत येत नाही हे खरे, पण ज्या अधिकाऱ्याला पुढच्या वर्षी सही करायची आहे त्याच्या हाताला या चौकशीचे वजन जाणवते. ते वजन किती, हे मोजायची रीत कोणाला सापडलेली नाही. या शाखेतला तो अजून न सुटलेला प्रश्न आहे. दुसरा आक्षेप अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ पॉल ॲपलबी यांचा. १९५० च्या दशकात भारत सरकारने त्यांना कारभाराची पाहणी करायला बोलावले, आणि आपल्या १९५६ च्या अहवालात त्यांनी लेखापरीक्षणावर कडक टीका केली : तपासनिसाला कारभार कळत नाही, त्याच्या भीतीने अधिकारी निर्णयच घेत नाहीत. आजही मंत्रालयाच्या मजल्यांवर हे ऐकू येते. मी ते सर्वस्वी फेटाळत नाही. तपासणीला निर्णयातली चूक दिसते, निर्णय न घेण्याची किंमत सहसा दिसत नाही. चांगली समिती मात्र तीही विचारते. पाइप का आणले याच्या जोडीने जमीन का घेतली नाही हेही विचारते.

तिसरा आक्षेप राजकारणाचा, आणि तो टाळून चालणार नाही. दूरसंचाराच्या टू-जी परवान्यांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल १६ नोव्हेंबर २०१० रोजी संसदेपुढे आला. सरकारचे संभाव्य नुकसान त्यात १ लाख ७६ हजार कोटींपर्यंत धरले होते. लोकलेखा समितीचे प्रमुख तेव्हा मुरलीमनोहर जोशी होते. एप्रिल २०११ मध्ये त्यांच्या मसुदा अहवालावरून समिती सरळ दुभंगली. मसुदा बैठकीआधीच बाहेर फुटला होता. सत्ताधारी आघाडीच्या आणि तिला साथ देणाऱ्या सभासदांनी बहुमताने तो फेटाळल्याचे जाहीर केले, प्रमुखांनी तरीही तो लोकसभेच्या अध्यक्षांकडे पाठवला, आणि तो परत आला. एकमताने अहवाल देण्याची समितीची रीत त्या दिवशी मोडली. नुकसानीच्या आकड्याबद्दल वाचकाचे मत काहीही असो, या प्रसंगाचा धडा समितीविषयी आहे : विषय जितका तापलेला, तितकी ही समिती दुबळी. तिची ताकद लोकांचे लक्ष नसते अशा शंभर किरकोळ प्रकरणांत आहे. मोठ्या घोटाळ्यांवरून तिचे मूल्यमापन करणारे पुस्तक वाचताना हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट दौऱ्यांची. समित्यांनी जागेवर जाऊन पाहणे आवश्यक आहे. कागदावर पूर्ण झालेला बंधारा शिवारात जाऊनच शोधावा लागतो. पण दौऱ्याबरोबर सरबराई येते आणि तिचा खर्च कोण करतो हा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांत कुजबुजला जातो. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या अंदाज समितीचा धुळ्याला दौरा असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून अधिक रोकड सापडली. ती कोणाची आणि कशासाठी, हे ठरवणे तपास यंत्रणेचे काम. तरी या शाखेच्या अभ्यासकाला एवढे म्हणायलाच हवे, की तपासणाऱ्या समितीच्या दौऱ्याचा हिशेबही तपासणीला खुला असला पाहिजे. पुढच्याच महिन्यात, अंदाज समितीला ७५ वर्षे झाल्याच्या निमित्ताने, देशभरातल्या अंदाज समित्यांची परिषद मुंबईच्या विधानभवनात भरली.

बंद दारांचा प्रश्न यालाच लागून आहे. इंग्लंडात लोकलेखा समितीपुढच्या साक्षी आज उघड होतात आणि कोणालाही पडद्यावर पाहता येतात. आपल्याकडे खोली बंद असते. बंद खोलीचा फायदा खरा आहे : बाहेर एकमेकांवर तुटून पडणारे सभासद आत पक्ष विसरून सचिवाला एकाच सुरात प्रश्न विचारतात. पण १९५८ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाची चौकशी न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड घेतली तेव्हा साक्षी ऐकायला लोकांनी गर्दी केली होती, आणि त्या चौकशीनंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. सरकारी पैशाचा हिशेब लोकांना कंटाळवाणा वाटतो हे गृहीतक त्या गर्दीने खोटे ठरवले आहे. निदान अहवाल मांडल्यानंतर साक्षीचे इतिवृत्त खुले करावे, असे मला वाटते. या ग्रंथातले सर्व लेखक याला मान्यता देणार नाहीत, आणि देऊ नये.

अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यासाठी एक व्यवहारी सूचना. सगळ्या समित्या, सगळी वर्षे असा पसारा घेऊ नये. एकच खाते घ्यावे आणि तीन-चार वर्षे त्याच्या मागे राहावे. आधी अंदाजपत्रकातली त्या खात्याची मागणी पाहावी, मग विनियोजन लेख्यांत तिचे काय झाले ते, मग महालेखापरीक्षकांच्या अहवालातला परिच्छेद, मग समितीचा अहवाल. बहुतेक वाचक इथे थांबतात आणि खरी गोष्ट पुढेच असते. केंद्रात समितीच्या शिफारशींवर काय केले हे सरकारने सहा महिन्यांत सांगायचे असते आणि त्यावर समिती पुन्हा अहवाल देते. त्यात शिफारशी वेगवेगळ्या प्रकरणांत लावलेल्या असतात : सरकारने मान्य केलेल्या, समितीने पुढे न रेटायच्या ठरवलेल्या, उत्तर न पटल्यामुळे पुन्हा मांडलेल्या, आणि ज्यांवर अंतरिम उत्तरच आले आहे अशा. उत्तर न पटलेल्यांचे प्रकरण आधी उघडावे. सरकार आणि संसद यांचे खरे भांडण तिथे, शांत भाषेत, छापलेले असते.

लोकसभेच्या समित्यांचे अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. महालेखापरीक्षकांचे महाराष्ट्रावरचे अहवाल मराठीतही निघतात. हा ग्रंथ वाचायला घेण्यापूर्वी वाचकाने त्यांतला एक उघडावा, त्यात आपल्या जिल्ह्याचे नाव शोधावे आणि जो परिच्छेद सापडेल तो शेवटपर्यंत वाचावा.